भावांचा हिस्सा विकत घेताना
(महिला मेळाव्यातील भाषणाचा काही भाग)



वडिलांच्या माघारी घराचा प्रश्न घेऊन येणारी बाई पिशवीतून बहुधा आधी घरपट्टीच्या पावत्या काढते. "ताई, इतकी वर्षं मीच भरतेय." मला दरवेळी सांगावं लागतं, की घरपट्टी भरून घर आपलं होत नाही. बिलावरचं नाव म्हणजे कर कुणाकडून घ्यायचा याची पालिकेची नोंद, मालकी नव्हे. पण हेच भावालाही लागू आहे! "बिल माझ्या नावावर आहे" असं तो म्हणाला, की आपण मात्र गप्प बसतो. पावत्या जपाच, सौदा ठरताना भावांच्या वाट्याची घरपट्टी किमतीतून वळती करून मागता येते.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आई, मुलगे, मुली यांना सारखा वाटा, तोही १९५६ पासून. मात्र त्याच कायद्याच्या २३व्या कलमानुसार, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भाऊ करत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नव्हती. हे कलम २००५ साली गेलं. २२वं कलम आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही: एखादा वारस हिस्सा विकायला निघाला, तर तो घेण्याचा पहिला हक्क बरोबरीच्या वारसांचा. किमतीवर एकमत झालं नाही तर कोर्ट ती ठरवतं. भाऊ बाहेरच्याला विकतील या धास्तीत, आईला सांभाळत त्याच घरात राहिलेल्या बहिणीसाठी हा मोठा आधार आहे.

आता पैशाचं. महाराष्ट्रात भावंडांमधल्या विनामोबदला हक्कसोडपत्राला नाममात्र मुद्रांक शुल्क लागतं. खरेदीखत केलं तर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर, टक्क्यांत. म्हणून सल्ला मिळतो, "पैसे रोख द्या, कागदावर प्रेमापोटी लिहा." माझा याला साफ विरोध आहे. हिस्सा सोडणारी बहीण असेल आणि पैसे बुडाले, तर तिने स्वतःच लिहून दिलेलं असतं की काही घेतलं नाही. हिस्सा घेणारी असेल, तर पुढे घर विकताना भावांना दिलेली रक्कम तिला खर्चात धरता येत नाही.

वारसा मिळाला म्हणून प्राप्तिकर नाही. हिस्सा विकला की नफ्यावर आहे, आणि तो विकणाऱ्याने भरायचा. घर वडिलांनी एप्रिल २००१ पूर्वी घेतलेलं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी दाखवली, तर विकणाऱ्याचा कर रेडी रेकनरच्या दरानेच मोजतात. हे भावांना आधीच सांगा, नाहीतर नोटीस आल्यावर राग बहिणीवरच.

आणि नोटरीच्या कागदावर थांबू नका. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, थकलेली घरपट्टी तपासा, मग मिळकत पत्रिकेवर नाव चढवून घ्या. कुणाचं काम अडलं असेल तर कागद घेऊन या, एकत्र वाचू.