आमवात आणि जीवनसत्त्वांची गोळी



सांधे दुखत नाहीत असा माणूस ज्या घरात नाही, असे घर आज सापडणे कठीण. परंतु आजचा आपला विषय म्हातारपणी गुडघे झिजतात त्या दुखण्याचा नव्हे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि आपल्याकडे ज्याला बहुधा आमवात म्हणतात, तो हा विकार. तो ऐन उमेदीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. सकाळी उठावे तर बोटे आखडलेली. कणीक तिंबता येत नाही, वेणी घालता येत नाही.

या विकारात शरीराचे रक्षकच घरच्यांवर उलटतात. सांध्याच्या आतले नाजूक अस्तर सुजते आणि शेजारचे हाड पोखरू लागते. या झटापटीत पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे अत्यंत उग्र कण बाहेर टाकतात. एरवी जंतू मारण्याचे हे शस्त्र येथे आपल्याच पेशींना जाळते. क आणि ई ही जीवनसत्त्वे अशा कणांना शांत करतात. म्हणून त्यांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. मग ती भरपूर दिली तर रोग हटेल, असे कोणालाही वाटावे. तर्क मोठा गोड आहे.

पण शास्त्रात तर्कालाही परीक्षेला बसावे लागते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४२ रुग्ण होते. त्यांतील काहींना बारा आठवडे ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिले, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. ई घेणाऱ्यांच्या वेदना थोड्या उतरल्या. सूज मात्र होती तिथेच राहिली. अमेरिकेत सुमारे ३९,००० स्त्रियांवर दहा वर्षे चाललेल्या प्रयोगात, दिवसाआड ई घेऊनही हा रोग टळल्याचे दिसले नाही. आणि फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढला, हे १९९४ साली उघड झाले. गोळी निरुपद्रवी असतेच असे नाही.

असे का व्हावे? उडणाऱ्या ठिणग्या विझवल्या म्हणून भट्टी थंड होत नाही. भट्टी आहे ती बिघडलेल्या रक्षकदलात. तिला आवर घालणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आज आहेत. आठवड्यातून एकदाच घ्यायचे हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागते. सुरुवातीचे महिने यात सोन्याच्या मोलाचे; कारण एकदा पोखरलेले हाड पूर्ववत होत नाही.

माझ्या परिचयातील एका बाईंनी ते महिने जीवनसत्त्वांच्या बाटल्यांत घालवले. “औषध कडक असते हो, हे आपले साधे,” असे त्या म्हणत. औषध सुरू झाले तेव्हा दुखणे थांबले. वाकडी झालेली बोटे मात्र वाकडीच राहिली.

तेव्हा आवळा खा, पेरू खा, पानात लिंबाची फोड असू द्या; पालेभाजी, मूठभर शेंगदाणे असू द्यात. ते अन्न आहे, आणि रोग्यालाही अन्न लागतेच. मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून नकोत. विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ई जीवनसत्त्वाने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

घरी गेल्यावर एवढेच करा. कोणाची बोटे सकाळी तासभर आखडत असतील आणि असे काही आठवडे चालले असेल, तर त्यांना बाटली आणून देऊ नका. डॉक्टरांकडे घेऊन जा.