ताई, हे कशावरून?

आजचा भाग म्हणजे खरं तर एक दुरुस्ती आहे.

मागे एकदा हवामानबदलावर बोलताना मी ओघात म्हणून गेले होते, "समुद्र तापतोय, म्हणजे आता समुद्रातले व्हायरस वाढणार." वाक्य ऐकायला भारी वाटलं, मी पुढे गेले. दोन दिवसांनी एका श्रोत्याचा मेसेज आला, "ताई, हे कशावरून?" बास, एवढंच. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे उत्तरच नाही. कुठेतरी एक हेडलाइन वाचली होती, बाकीचं मी मनानेच जोडलं होतं. मग रोज ऑफिसचं काम संपल्यावर थोडं थोडं वाचत गेले. त्यातून जे कळलं ते आज सांगते. माझं वाक्य कुठे चुकलं, तेही सांगते.

आधी एक भीती काढून टाकू. समुद्रातले व्हायरस म्हटलं की आपल्याला मास्क आणि क्वारंटाइन आठवतं. पण या व्हायरसना तुमच्या-माझ्यात रस नाही. त्यातले बहुतेक सगळे समुद्रातल्या जिवाणूंना आणि एकपेशीय शेवाळांना लागण करतात. आणि ते किती आहेत? समुद्राच्या वरच्या पाण्यात एका मिलिलिटरमध्ये साधारण १ कोटी. म्हणजे चहाच्या एका चमच्यात ५ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेवढे व्हायरस सव्वादोन चमचे समुद्राच्या पाण्यात मावतात! जिवाणू त्यांच्या साधारण एक दशांश.

गंमत म्हणजे हे आकडे १९८९ पर्यंत कुणाच्या डोक्यातही नव्हते. त्या वर्षी नॉर्वेतल्या संशोधकांनी समुद्राचं आणि तळ्यांचं पाणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजलं आणि तोवरचे अंदाज पार कोसळले.

आता हे एवढे व्हायरस करतात काय? व्हायरसला स्वतःचं इंजिन नसतं. तो पोहत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही. पाण्यात नुसता तरंगत असतो, आणि योग्य जिवाणूवर आपटला तर आत शिरतो. जिवाणूची यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो, शेवटी तो जिवाणू फुटतो आणि नव्या प्रती बाहेर पडतात. एका ठोकळ अंदाजाप्रमाणे समुद्रातल्या सूक्ष्मजीवांपैकी वजनाने सुमारे २० टक्के रोज असे व्हायरसमुळे मरतात. रोज! तरी समुद्र रिकामा होत नाही, कारण उरलेले तितक्याच वेगाने वाढतात.

जिवाणू फुटला की त्याच्या आतला माल पाण्यात विरघळतो. एरवी त्याला कुणी छोट्या प्राण्याने खाल्लं असतं, त्याला माशाने, माशाला आपण. पण फुटल्यावर तो माल पुन्हा दुसऱ्या जिवाणूंच्याच पोटात जातो. म्हणजे अन्नसाखळीत वर जाणारा कार्बन मध्येच वळवला जातो. संशोधक याला 'व्हायरल शंट' म्हणतात. शेताकडे जाणाऱ्या पाटाचं पाणी कुणी मध्येच बांध फोडून पुन्हा विहिरीकडे वळवावं, तसं काहीसं.

याने आपल्याला काय फरक पडतो? आपण हवेत जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र घेतो. त्यातला काही कार्बन पुढे मेलेल्या पेशींबरोबर खोल तळाकडे जातो आणि शेकडो वर्षं तिथेच राहतो. काही वरच्या वर फिरत राहतो आणि पुन्हा हवेत येतो. कोणता कार्बन खाली जाणार आणि कोणता वर राहणार, यात या व्हायरसचा हात आहे. म्हणून समुद्र तापल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न मोठा आहे. मी त्याचं उत्तर एका वाक्यात देऊन टाकलं होतं.

आता मुख्य भाग. बदल झाला हे कळणार कसं?

माझं काम सॉफ्टवेअरचं. एखादा सर्व्हर हळू चालतोय अशी तक्रार आली की मी आधी विचारते, कालचा ग्राफ कुठाय? गेल्या महिन्याचा? कारण आत्ता मेमरी ८० टक्के भरलीय, एवढ्यावरून काहीच कळत नाही. दर सोमवारी सकाळी ती ८० टक्के भरतच असेल तर? समुद्राचंही तसंच. एकदा जाऊन बाटलीभर पाणी आणलं तर ते त्या दिवसाचं पाणी. काळ समजायचा तर त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आणि काही माणसं खरंच जातात. अटलांटिक महासागरात बर्म्युडा बेटाजवळ, सरगॅसो समुद्रात, १९५४ पासून एकाच जागी नियमित मोजमाप सुरू आहे. त्याच भागात, बेटापासून साधारण ८० किलोमीटरवर, १९८८ पासून 'बॅट्स' नावाचा कार्यक्रम चालतो. त्यांचं जहाज महिन्यातून निदान एकदा तिथे जातं. साडेचार किलोमीटर खोल पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर बाटल्या सोडायच्या, पाणी वर आणायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच पाण्यात तिथल्या संशोधकांनी २००० नंतर दहा वर्षं व्हायरसही मोजले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले.

ते समजायला आधी थर म्हणजे काय ते पाहू. तुमच्यापैकी कुणी उन्हाळ्यात विहिरीत पोहायला शिकलं असेल, तर छातीपर्यंतचं पाणी कोमट आणि पायाला एकदम गारठा, हे आठवत असेल. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली राहतं. सरगॅसो समुद्रात उन्हाळ्यात असेच थर बसतात. हिवाळ्यात वरचं पाणी गार होतं, वारे घुसळतात, थर मोडतात आणि दीडशे-दोनशे मीटर किंवा त्याहून खोलपर्यंतचं पाणी एकत्र होतं. या घुसळणीतून खालची पोषकद्रव्यं वर येतात. शेताला खत मिळावं, तसं ते समुद्राचं वर्षाचं खत.

दहा वर्षांच्या मोजणीत दिसलं ते असं. दर उन्हाळ्यात, थर बसले की, पृष्ठभागावर नाही तर साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर व्हायरसची गर्दी होते. हिवाळ्यात पाणी घुसळलं की ती गर्दी विखुरते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जमते. पंढरीच्या वारीसारखं, दर वर्षी ठरलेलं.

आणि ही गर्दी कुणाच्या मागे? प्रोक्लोरोकोकस नावाच्या एका अतिसूक्ष्म जिवाणूच्या. तो सूर्यप्रकाशावर जगतो, आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांमध्ये संख्येने सगळ्यात जास्त. तो सापडला तोसुद्धा १९८० च्या दशकात. तो जिथे वाढतो तिथे व्हायरस वाढलेले दिसले. पण त्याच पाण्यात सार-११ नावाचे दुसरे जिवाणू आहेत, तेही अफाट संख्येने. त्यांच्या बाबतीत उलट. ते जास्त तेव्हा व्हायरस कमी.

आता माझ्या त्या वाक्याकडे बघा. सप्टेंबरमध्ये ८० मीटरवरचं पाणी काढलं असतं तर मी म्हटलं असतं, "व्हायरस वाढलेत!" फेब्रुवारीत काढलं असतं तर, "घटलेत!" दोन्ही मोजमापं बरोबर आणि दोन्ही निष्कर्ष चूक. 'वाढणार की घटणार' याच्या आधी तीन प्रश्न आहेत. किती खोलीवर? कुठल्या महिन्यात? आणि कुणाचे व्हायरस?

मग तापमानवाढीचं काय? बर्म्युडाच्या त्याच नोंदींमध्ये दिसतं की १९८० च्या दशकापासून तिथलं वरचं पाणी सुमारे १ अंशाने तापलंय, आणि त्यातला ऑक्सिजन सुमारे ६ टक्के कमी झालाय. १ अंश ऐकून किरकोळ वाटतं. पण वरचं पाणी जितकं गरम, तितके थर मोडायला कठीण. थर मोडले नाहीत तर खालचं खत वर येत नाही. खत कमी पडलं की मोठ्या पेशींची पंचाईत होते आणि कमी अन्नावर भागवणाऱ्या बारीक पेशींचं फावतं. म्हणजे आधी यजमान बदलतात, मग त्यांच्यावर जगणारे व्हायरस.

बरं, मग प्रोक्लोरोकोकसची चैनच म्हणायची? बरेच दिवस तसंच मानलं जायचं. पण २०२५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, अनेक वर्षांच्या सागरी सफरींमधल्या मोजणीवरून दिसलं की साधारण २८ अंशांच्या पुढे पाणी गेलं की त्याचं विभाजन मंदावतं. उष्ण कटिबंधातला समुद्र तर या रेषेच्या आसपासच आहे.

अजून एक गुंता. तापमानाने लागण होण्याचं गणितच बदलतं. एमिलियानिया हक्सलेयी नावाचं एक शेवाळ आहे. त्याच्या पेशीवर खडूच्या चकत्या असतात, आणि ते खूप वाढलं की समुद्र दुधाळ दिसतो, उपग्रहातूनसुद्धा. प्रयोगशाळेत १८ अंशांना त्याला व्हायरस मारून टाकतो. तेच शेवाळ २१ अंशांना वाढवलं, तर ते त्याच व्हायरसला दाद देत नाही, असं दिसलं. फक्त ३ अंशांचा फरक! म्हणजे पाणी तापलं आणि व्हायरसची पकड सैल झाली. माझ्या वाक्याच्या बरोबर उलट.

आणि कार्बन? इथेही मी समजत होते की व्हायरस म्हणजे कार्बन वरच फिरवणारे. पण फुटलेल्या पेशींचा चिकट माल एकमेकांना धरून गोळे बनवतो, आणि जड गोळे खाली जातात. 'तारा' नावाच्या जहाजाने २००९ पासून जगभरच्या समुद्रांतून नमुने जमवले. त्यावरच्या २०१६ च्या अभ्यासात, कमी पोषकद्रव्यांच्या समुद्रात किती कार्बन खाली जातो याचा संबंध काही थोड्या जिवाणूंच्या आणि व्हायरसच्या जनुकांशी जुळलेला आढळला. संबंध जुळला म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे लक्षात ठेवा. पण व्हायरस कार्बनला दोन्ही दिशांना ढकलू शकतात, एवढं खरं.

आता बर्म्युडा राहिलं लांब. आपल्या दारात काय? गोव्यात कांदोळीच्या समोर समुद्रात एक ठरलेली जागा आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून तिथे जाऊन मोजमाप करतात. इथेही गोष्ट थरांचीच आहे. पावसाळ्यात खोलातलं, आधीच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. पावसाळ्याच्या शेवटी तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो. मग तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात, आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड बनतो. तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. नायट्रेटही संपलं की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. अशा पाण्यात जिवाणूंना खाणारे छोटे प्राणी कमी होतात, आणि जिवाणूंना मारायचं काम जास्त करून व्हायरसकडे जातं.

हे दर वर्षी होतं, म्हणून नुसतं 'झालं' ही बातमी नाही. ते लवकर सुरू होतंय का, जास्त टिकतंय का, ही बातमी आहे. आणि ती फक्त जुन्या नोंदी असणाऱ्यालाच कळते. अशा मोजमापांना पैसे मिळवणं अवघड असतं, कारण 'या महिन्यातही मोजलं' याची हेडलाइन होत नाही. एखादं वर्ष सुटलं तर नंतर कितीही पैसे टाकून ते भरून काढता येत नाही. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचं पाणी आज कुठून आणणार?

तर ज्याने मेसेज केला होता त्या दोस्ता, हे तुझं उत्तर. माझं वाक्य चुकलं होतं. दुरुस्त वाक्य असं: समुद्र तापला की थर बदलतात, थर बदलले की सूक्ष्मजीव बदलतात, आणि त्यांच्याबरोबर व्हायरसही. काही ठिकाणी वाढतील, काही ठिकाणी घटतील, काहींची पकडच सुटेल. तेवढं कॅची नाही, माहितीय. पण कशावरून, ते आता सांगता येतं.

जुन्या भागाच्या वर्णनात मी ही दुरुस्ती टाकलीय. या भागातही काही खटकलं तर तसाच मेसेज करा, दोन शब्दांचा चालेल. भेटू पुढच्या भागात!