दादाभाईंचे दप्तर



दादाभाई नौरोजी आपल्या ज्ञातीचे नव्हेत. तरी आज त्यांच्या दप्तराविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही आपली अनुज्ञा मागतो. कारण पुढे ओघाने येईलच.

दादाभाईंना आपण 'पितामह' म्हणून वंदन करतो. परंतु १८५५ साली ते विलायतेस गेले ते पुढारी म्हणून नव्हे, कामा कंपनीचे भागीदार म्हणून. अफू व मद्य यांच्या व्यापारातला नफा मनाला रुचेना, तेव्हा ती भागीदारी सोडून १८५९ साली त्यांनी स्वतःची पेढी काढली. पेढीवरच्या माणसास एक खोड जडते: आलेला कागद फाडावयाचा नाही. दादाभाईंनी ती राजकारणातही जपली. मुंबईहून दिनशा वाच्छांची पत्रे, वेडरबर्न व ह्यूम यांचा पत्रव्यवहार, १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने ते पार्लमेंटात गेले त्या काळातील कागद, सारे दप्तरात जमा. थोरांच्या पत्रांइतकाच आम्हांस मोह पडतो तो पावत्यांचा, निमंत्रणपत्रिकांचा आणि अनोळखी लोकांच्या गाऱ्हाण्यांचा. थोरांची पत्रे कोणीही जपतो.

या खोडीतूनच त्यांचे राजकारण उभे राहिले, असे आमचे मत आहे. हिंदुस्थानची निर्यात आयातीहून अधिक, हे पाहून इंग्रज अंमलदार भरभराट म्हणत. दादाभाईंनी व्यापाऱ्याच्या नजरेने विचारले: मग त्या अधिक मालाचे पैसे कोणाच्या खाती जमा झाले? सरकारच्याच आकड्यांवरून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून अधिक खर्च करते, हेही सरकारी कागदांतूनच दाखविले. ज्याने आयुष्यभर खतावणी पाहिली, त्यालाच असा प्रश्न सुचावा!

१९१७ साली दादाभाई निवर्तले. मसानींनी या कागदांच्या आधारे लिहिलेले चरित्र १९३९ साली निघाले. पुढे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. तेथे सुमारे तीस हजार कागद आहेत. पुष्कळ फिकट, ठिसूळ, हात लावताच तुटणारे. वाच्छांशी झालेला पत्रव्यवहार १९७७ साली छापून निघाला, निवडक कागदांचा खंड २०१६ साली, आणि दिन्यार पटेल यांचे नवे चरित्र २०२० साली. म्हणजे धन्यामागे शंभर वर्षांनीही दप्तर बोलतेच आहे.

आता कारण सांगतो. आमच्या आजोबांची लहानशी पेढी होती. त्यांच्या रोजकिर्दी, मोडीतील पत्रे, ज्ञातीच्या धर्मशाळेच्या वर्गणीचा हिशेब, असे सारे माळ्यावर दोन ट्रंकांत होते. घर पाडून नवे बांधावयाचे ठरले, तेव्हा आम्ही ते रद्दीत दिले. आम्हीच दिले, दोष दुसऱ्या कोणाचा नाही. मोडी वाचता येईना, वाळवीची भीती, आणि जागा हवी होती. गेल्या वर्षी धर्मशाळेला प्रथम जागा कोणी दिली, यावरून आपल्या सभेत वाद झाला. उत्तर त्या वह्यांत होते.

एक वही मात्र देव्हाऱ्याखाली राहिली होती. तिच्यात वर्गणीदारांची नावे आहेत, त्यांत पाच-सहा विधवा भगिनींची. कोणी आठ आणे दिले, कोणी रुपया. ती वही आम्ही आज सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना आपल्या आजीचे नाव शोधावयाचे असेल त्यांनी व्यासपीठाजवळ यावे. पाने हलक्या हाताने उलटावीत.