मातीतले जिवाणू औषध कधी बनवतात?

पहिल्या पावसात मातीचा जो वास सुटतो, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जिवाणूंमुळे येतो. याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत, सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. क्षयरोगावर गुणकारी ठरलेलं हे पहिलं प्रतिजैविक.

पण हा जिवाणू ते सदासर्वकाळ बनवत नाही. त्याच्या एका मुख्य जनुकावर एक प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. जिवाणू वाढताना ‘ए-फॅक्टर’ नावाचा पदार्थ थोडाथोडा सोडतात. दाटी झाली की तो साठतो आणि किल्लीसारखा त्या कुलपाला लागतो. प्रथिन बाजूला होतं. मग एक जनुक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं पुढच्यांना, आणि औषध बनू लागतं. स्वतःच्याच औषधाने मरू नये, म्हणून बचावाचं जनुकही तेव्हाच कामाला लागतं.

आज हे आम्ही का सांगतो आहोत? अशी बचावाची जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. आपण आपल्या मनाने प्रतिजैविकं घेत राहिलो, की साधे जंतू मरतात आणि बचाव असलेले उरतात, वाढतात. मग खरी गरज पडते तेव्हा गोळी लागू पडत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, डॉक्टरांनी दिल्याशिवाय प्रतिजैविक घ्यायचं नाही. शेजारणीकडची उरलेली गोळी तर नाहीच नाही. आणि घरात कुणाला क्षयाची औषधं चालू असतील, तर बरं वाटलं म्हणून ती मध्येच सोडू द्यायची नाहीत.