रस्त्याच्या दोन्ही अंगांचं पाणी



मोरी हा काय परिषदेचा विषय झाला, असं इथे अलिबागच्या खारेपाटात अनेकांनी मला विचारलं. पण खाडीतून रस्ता गेला की पलीकडच्या खाजणाला किती भरती मिळायची, हे ती मोरीच ठरवते. मोरीचा पाइप निवडताना आपण डोंगराकडून येणाऱ्या पावसाचा हिशोब करतो. समुद्राकडून दिवसातून दोनदा चढणारं पाणी त्या हिशोबात क्वचितच येतं. पाइप अरुंद असला तर उधाण पलीकडे उशिरा आणि अपुरं पोचतं. तळ उंच बसला तर ओहोटीला आतलं पाणी तुंबतं. मग तिवर सुकतात, कोलंबी-जिताड्याची वाट बंद होते.

भेगा आणि कठडे पाहून ‘मोरी सुस्थितीत’ असा शेरा मारणं मला अपुरं वाटतं. दोन्ही अंगांना एकाच शून्यावर मोजपट्ट्या रोवा आणि एक पूर्ण भरती-ओहोटी, म्हणजे साधारण साडेबारा तास, दोन्हींची एकाच वेळी नोंद घ्या. मोरीच्या तोंडाशी खोल डोह पडलेला दिसला, तर पाण्याला वाट पुरत नाही हे ओळखा.

अमेरिकेत केप कॉडवर हेरिंग नदीच्या मुखाशी १९०९ मध्ये बांध घातला गेला. आतली दलदल सुकून खचली, मातीतल्या गंधकाचं आम्ल झालं, मासे मेले. आता तिथे भरती टप्प्याटप्प्यानं परत आत घेण्याचं काम चाललं आहे.

आपल्याकडे मात्र प्रत्येक तोंड मोकळं करा, असं मी म्हणणार नाही. उघाडी खारं पाणी अडवते म्हणूनच आत भात पिकतो, आणि बांधाला खांड गेली की काय होतं ते इथल्या घराघराला ठाऊक आहे. म्हणून पाहणीला शेतकरी आणि कोळी दोघंही हवेत. त्यांचं पटेलच असं नाही. पण वाद मोरीवर उभं राहून व्हावा, फायलीत नको.

उद्याची पाहणी कचेरीच्या वेळेनुसार नाही. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ, हा आमचा जुना हिशोब. उद्या द्वितीया, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास. ओहोटीपासून पाणी चढताना पाहायचं, म्हणून गाड्या सकाळी सातलाच सुटतील, जेवणाचे डबे सोबत असतील. चिखल भरपूर आहे, कृपया चांगले बूट घालून येऊ नका.