शाळा सुटल्यानंतरचा तास

(दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला, त्यांच्या नावापुढे त्यांची टक्केवारी वाचली गेली आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्यांच्या कष्टाच्या होत्या. परंतु एक गोष्ट आमच्या लक्षात आली. हा मुलगा शाळेच्या कबड्डी संघात होता, ही मुलगी स्काऊट-गाईडमध्ये होती किंवा हिने विज्ञान प्रदर्शनात काही मांडले होते, असे कोणाच्याही नावापुढे वाचले गेले नाही. यात सूत्रसंचालकांचा दोष नाही. सत्कारासाठी जो फॉर्म भरून घेतला, त्यात तो रकानाच नव्हता. आणि तो फॉर्म आम्हीच तयार केला होता. तेव्हा आज जे बोलायचे आहे ते प्रथम स्वतःलाच उद्देशून आहे.

शाळेत अभ्यासाखेरीज जे चालते, त्याला पूर्वी अभ्यासेतर उपक्रम म्हणत. पुढे अभ्यासपूरक किंवा सहशालेय असे शब्द आले. हे शब्द उगाच बदललेले नाहीत. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ सालच्या अहवालात हे उपक्रम शिक्षणाचेच अंग मानले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातील भिंत नको, असे म्हटले आहे. म्हणजे सरकारी कागदावर ही गोष्ट सत्तर वर्षांपासून मान्य आहे. आपल्या घरात मात्र ती अजून मान्य झालेली नाही. आपल्या घरात आजही एकच वाक्य ऐकू येते, "ते सोड, पुस्तक घेऊन बस."

हे वाक्य आमच्या आई-वडिलांनीही म्हटले, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात हायस्कूलची पायरी चढणारी पहिलीच पिढी होती, त्या घराने पुस्तकालाच घट्ट धरून ठेवावे हे स्वाभाविक होते. परंतु त्यामुळे आमचे काय राहून गेले, ते सांगितले पाहिजे.

साधारण १९९३-९४ ची गोष्ट. आम्ही वस्तीतली सात-आठ मुले आठवीत होतो. सर वर्गात येत आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी नावे विचारीत. आमच्यापैकी एकाचाही हात वर जात नसे. वक्तृत्व, नाटुकले, हस्तलिखिताचे संपादन ही वकील-डॉक्टरांच्या आणि शिक्षकांच्या मुलांची कामे, असे आम्ही मनाशी ठरवूनच टाकले होते. कोणी आम्हाला हाकलले नाही, पण कोणी बोलावलेही नाही. स्काऊटमध्ये जावे असे फार वाटे. त्यासाठी खाकी गणवेश, स्कार्फ, टोपी, पट्टा असे सारे लागत असे. घरी विचारले की वडील म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचे वर्ष दहावी होईपर्यंत आले नाही.

परंतु एक काम मात्र आमच्या वाट्याला आले. त्या काळी शाळांतून संचयिका चालत असे. आज तरुण असलेल्यांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. संचयिका म्हणजे विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेली बचत बँक. मुले रुपया, दोन रुपये आणून भरत. त्यांना छोटे पासबुक मिळे. मुलांपैकीच कोणी व्यवस्थापक, कोणी रोखपाल होई. आमच्या सरांनी का कोण जाणे, रोखपालाचे काम आमच्यापैकी एकावर टाकले. म्हणजे, खरे सांगायचे तर, आमच्यावरच टाकले.

पहिल्याच महिन्यात एके दिवशी हिशेबात दोन रुपये कमी आले. घाम फुटला. वस्तीतल्या पोराच्या हाती पैसे दिले की असेच होणार, हे कोणी बोलण्याआधीच आमच्या कानात वाजू लागले. सरांनी आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले, "रजिस्टर आणि पासबुके एकेक करून ताडून पाहा. सापडेपर्यंत मी इथेच बसतो." शाळा सुटून गेली. शिपाईमामांनी वर्गांना कुलपे लावली. आणि पाऊण तासाने सापडले. एका मुलाच्या पासबुकात तीन रुपये होते आणि आमच्या रजिस्टरात पाच लिहिले गेले होते. पैसे गेले नव्हते, आकडा चुकला होता. सरांनी चूक कशी खोडायची, बरोबर आकडा कसा लिहायचा आणि बाजूला सही कशी करायची, ते दाखवले.

मित्रहो, आज वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही बँकेत लिपिक म्हणून काम करतो. रोज संध्याकाळी रोकड जुळवतो. कधी फरक आला तर हात थरथरत नाहीत, कारण ते थरथरणे आठवीतच होऊन गेले. कलाशाखेच्या पदवीने आम्हाला बँकेच्या परीक्षेला बसता आले, हे खरेच. परंतु पहिल्या मुलाखतीत "अभ्यासाशिवाय काय केले?" असे विचारले तेव्हा आम्ही खाली मान घालून "काही नाही" म्हणालो आणि परत आलो. दुसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला तेव्हा ते दोन रुपये आठवले. ती हकिगत सांगितली. समोरचे साहेब पुढे सरकून ऐकू लागले. नोकरी केवळ त्याच उत्तराने मिळाली, असा आमचा दावा नाही. पण आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले.

उपक्रमातून मिळते ते नेमके हेच. पुस्तक माहिती देते. उपक्रम मुलाच्या हाती काम देतो, आणि त्या कामाचे चांगले-वाईट त्याच्या नावावर लिहितो. ज्या घरात वडील सभेत बोलतात, आई कचेरीत अर्ज करते, त्या घरातील मूल हे पाहून पाहून शिकते. ज्या घरात हे नसते, त्या घरातील मुलाला हे शिकवणारी जागा एकच, ती म्हणजे शाळा. आणि त्यातही शाळा सुटल्यानंतरचा तो तास. म्हणूनच उपक्रम हे सुखवस्तू मुलांचे लाड आहेत ही समजूत उलटी आहे. त्यांची अधिक गरज आपल्या मुलांना आहे.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेब स्वतः तिच्यापुढे बोलले होते. ज्यांनी आयुष्यभर पुस्तकांवर प्रेम केले, त्यांनाही मुलांनी उभे राहून वाद घालायला शिकावे असे वाटले, हे आपण विसरता कामा नये.

आज हायस्कूलच्या मुलांसाठी कितीतरी दारे आहेत. पालकांना ती नावानिशी माहीत असावीत म्हणून काहींचा उल्लेख करतो. एन.सी.सी. ही १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली संघटना. शाळेत 'ए' प्रमाणपत्र आणि पुढे कॉलेजात 'बी' व 'सी' अशी तिची पायरी आहे. 'सी' प्रमाणपत्र आणि पदवी असेल, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी एक वेगळी वाट उपलब्ध असते. स्काऊट-गाईड आहे. रहदारीचे नियम शिकवणारे आर.एस.पी. पथक आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. तीत मुलांनी आपल्याच गावातील प्रश्नाचा, म्हणजे पाण्याचा, कचऱ्याचा, पिकाचा अभ्यास करून प्रकल्प मांडायचा असतो. इन्स्पायर-मानक योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली तर ती प्रत्यक्षात आणण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. प्रत्येक शाळेत हे सारे असेलच असे नाही. परंतु आपल्या मुलाच्या शाळेत यांतले काय आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

आता एक कटू गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, कारण ते घर आपलेच आहे. आपल्या वस्तीतील आठवीच्या एका मुलीची एन.सी.सी.साठी निवड झाली. धावण्यात ती मुलांनाही मागे टाकी. परेड रविवारी सकाळी असे. आईला रविवारीही चार घरची धुणीभांडी असत, वडील बाहेरगावी कामाला. धाकट्या भावाला सांभाळायचे आणि नळाचे पाणी भरायचे काम मुलीकडे. तीन रविवार गैरहजेरी लागली आणि तिचे नाव वगळण्यात आले. आम्हाला हे माहीत होते. आम्ही शेजारीच राहतो. रविवारी सकाळी आम्ही वर्तमानपत्र वाचत बसलेले असतो. दोन तास त्या लहानग्याला आपल्या ओट्यावर बसवून घेणे आणि चार बादल्या भरून ठेवणे, एवढेच काम होते. ते आम्हाला सुचले नाही. सुचले तेव्हा त्या वर्षाच्या जागा भरल्या होत्या.

आमचा स्काऊटचा गणवेश राहिला तेव्हा दारिद्र्याला दोष देता आला. या मुलीचे राहिले, तेव्हा दोष कोणाला द्यावा? आपली मुले मोठ्या भिंतीमुळेच मागे राहतात असे नाही. पुष्कळदा ती एका स्कार्फमुळे, दोन तासांमुळे आणि कोणीतरी न बोललेल्या एका वाक्यामुळे मागे राहतात. मोठ्या भिंतींशी लढायला संघटना लागते. या लहान अडचणी मात्र आपण पुढच्या रविवारपर्यंत दूर करू शकतो.

कोणी म्हणेल, दहावीचे वर्ष बिघडले तर? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आठवी आणि नववी ही दोन वर्षे महत्त्वाची. मुलाला पाच ठिकाणी नाव घालायला लावू नका. एकच उपक्रम त्याच्या आवडीचा घेऊ द्या, पण तो दोन वर्षे टिकवू द्या. आणि प्रमाणपत्रे गोळा करण्यासाठीही हे करू नका. खेळाचे आणि चित्रकलेचे सवलतीचे गुण दहावीत मिळतात, ते मिळाले तर आनंदच आहे. परंतु गुणांसाठी केलेला उपक्रम हा दुसरा क्लासच होऊन बसतो.

शिक्षक बंधू-भगिनी येथे उपस्थित आहेत. त्यांना नम्र विनंती आहे. दरवर्षी तीच चार मुले व्यासपीठावर दिसतात, कारण ती तयार असतात आणि शाळेला बक्षीस हवे असते. आमचे सर त्या हिशेबाने चालले असते तर आमच्या हाती रजिस्टर कधीच आले नसते. जो हात वर करीत नाही, त्याचे नाव एकदा आपणहून घ्या.

आणि संस्थेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, गणवेशाची पेटी. मुलांचे अंग वर्षा-दोन वर्षांत वाढते. स्काऊटचा, कराटेचा, खेळाचा जुना पण चांगला गणवेश या सभागृहात आणून द्यावा आणि ज्याला हवा त्याने न लाजता न्यावा. दुसरी, रविवारची पाळी. ज्या मुलाची परेड, सराव किंवा स्पर्धा असेल, त्याच्या घरचे दोन तासांचे काम शेजारच्या घराने वाटून घ्यावे. तिसरी, याच सभागृहात दर शनिवारी मुलांचे मंडळ भरावे. भित्तिपत्रक, वाचन, वादविवाद, जे त्यांना हवे ते. मात्र अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार मुलांमधलेच असावेत, दर तीन महिन्यांनी बदलावेत, आणि खजिनदार एक वेळ मुलगा तर एक वेळ मुलगी असावी. वर्गणी रुपया असो वा पाच रुपये, हिशेब मुलांनी लिहावा. तो ताडून पाहायला आम्ही येऊ. चूक निघाली तर ओरडणार नाही, सापडेपर्यंत बसू.

ज्या मुलीची हकिगत सांगितली, ती आता नववीत आहे. शाळेच्या खो-खो संघासाठी तिने नाव दिले आहे. सराव रोज संध्याकाळी साडेपाच ते सात. त्या वेळी तिचा भाऊ आमच्या घरी पाढे म्हणत असतो. सतराचा पाढा त्याला अजून येत नाही. येईल.

पुढच्या वर्षीच्या सत्काराचा फॉर्म आम्ही नव्याने लिहिला आहे. टक्केवारीच्या खाली एक रकाना वाढवला आहे, "शाळेत कोणती जबाबदारी सांभाळली?" तो रकाना एकाही मुलाचा कोरा येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.