ब्रश हातात द्या!

(रोह्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तहो,

मालक लोकांची एकच रड : कारागीर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. पेणच्या गणपती कारखान्यात हीच रड, धाटावच्या कंत्राटदाराकडं हीच रड. मी दोन्हीकडं राबलोय. म्हणून बोलतो.

पेणला एका कारखान्यात मी सहा हंगाम काढले. शाडू मळली, रबरी साच्यात प्लास्टर ओतलं, काथ्या लावला, सांधे भरले, कागद मारून मारून बोटांची सालं काढली. पण डोळ्यांच्या आखणीचा ब्रश काही हातात आला नाही. खरं कसब तिथं, रोजही तिथं. मालकाच्या नात्यातलं पोर दुसऱ्याच वर्षी आखणीला बसलं. मी विचारलं तर म्हणाले, "तुझा हात जड आहे." अरे, शिकवल्याशिवाय हात हलका होतो का कुणाचा? सातव्या हंगामाला मी गेलो नाही. मालक सांगत सुटला, पोरं टिकत नाहीत!

ही गोष्ट आजची नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथं हिशेबच मांडला. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव, का तर धाग्याला तोंड लागतं, विटाळ होतो. रेल्वेत तो जन्मभर गँगमन. म्हणजे जिथं पगार जास्त, तिथंच दार बंद. कसब आमच्या अंगात नव्हतं असं नाही; कसबाच्या दारात जात उभी होती.

आता कायदा बघा. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा. 1973 च्या दुरुस्तीनं त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा आल्या. चांगलं झालं. पण शिकाऊ माणूस या कायद्यानं कामगार धरला जात नाही. शिकून झाल्यावर त्याला घ्यायचं की नाही, ते धोरण 2014 च्या दुरुस्तीनंतरही मालकानंच ठरवायचं. मुदत संपली, जुना पोरगा बाहेर, नवा आत. वर पुन्हा बोंब : अनुभवी फिटर मिळत नाही!

पेणचे मालक उचल देतात. उचलीनं माणूस बांधता येतो, टिकवता येत नाही. 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम काढले, तेव्हापासून शाडूचं नाव पुन्हा वर आलं. शाडू नाजूक, वाळायला वेळ खाते, तिला कसलेला हात लागतो. तो हात आणणार कुठून? शिकवलाच नाही तर?

आपलं मागणं सरळ आहे. भरती नात्यावर नको. कुठल्या वर्षी काय शिकवणार, ते कागदावर द्या. जो जे काम करतो, त्याला त्या कामाचा रोज द्या. गणपती गेल्यावरचे बसके महिने एकट्या कारागिराच्या पोटावर टाकू नका.

आणि एक आपल्यासाठी. धाटावला एका म्हाताऱ्या वेल्डरनं जेवणाच्या सुट्टीत मला काच दिली, होल्डर दिला, म्हणून मी वेल्डर झालो. आज माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत. पहिल्याच आठवड्यात होल्डर त्यांच्या हातात दिला. टाका वाकडा आला. येऊ दे. शिकलेलं दाबून ठेवलं, तर त्या मालकात अन् माझ्यात फरक तो काय राहिला?

जय भीम.